आधी जागा, मग माणसं

सरकारी रेखाकला परीक्षेला बसलेल्या माणसाला स्मरणचित्राचा पेपर जन्मभर विसरता येत नाही. एलिमेंटरी असो की इंटरमिजिएट, विषय साधारण ठरलेले: आठवडी बाजार, एसटी स्टँड, पाण्याच्या नळावरची गर्दी, गणपतीची मिरवणूक. कागद आडवा घ्यायचा की उभा हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवायचं. हलक्या हातानं क्षितिजरेषा मारायची. मग पुढे मोठी माणसं, मागे लहान माणसं. चित्रकलेच्या सरांच्या सूचना डोक्यात घुमत असायच्या. मुख्य माणूस अगदी मधोमध नको. कडेला कुणाचा हात कापला जाऊ नये. सगळ्यांनी फोटोला उभं राहिल्यासारखं समोर पाहू नये. आणि काय चाललंय ते पाहणाऱ्याला न सांगता कळलं पाहिजे.

दोन तासांच्या त्या पेपरात आपण जे करत होतो, त्याला मोठ्या माणसांच्या जगात रचना म्हणतात. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत (स्थापना १८५७) हीच गोष्ट कित्येक वर्षं घासून घेतली जाई. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये तिथे विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे शिक्षक होऊन १९३१ पर्यंत राहिले. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. पुराणातला प्रसंग असो की घरातलं लग्न, दहा-वीस माणसं एका चौकटीत बसवावीत तर धुरंधरांनी. त्या पद्धतीत आधी हाताएवढे कच्चे आराखडे होत. त्यातला एक निवडला की मॉडेल बसवून एकेका माणसाचा अभ्यास, लुगड्याच्या चुण्यांचा वेगळा, हाताच्या पंजांचा वेगळा. मग कागदावर चौकटी आखून आराखडा कॅनव्हासवर मोठा करायचा. उजेड कुठून येतो हे ठरलं की नायक कोण हेही ठरतं, कारण उजेड त्याच्याच तोंडावर पडायचा असतो.

चिंचणीच्या शाळांतल्या मुलांनाही स्मरणचित्राचे हेच नियम शिकावे लागतात. डहाणू तालुक्याच्या दक्षिण टोकाचं, तारापूरला खेटून असलेलं हे किनाऱ्यावरचं गाव. वाडवळ, भंडारी, मांगेला अशी वस्ती, किनाऱ्यावर सुरूची झाडं, आणि गावात दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर. (पोलादाच्या गुळगुळीत तुकड्यावर उलटं पान कोरणाऱ्या माणसाला रचनेबद्दल आपण काय शिकवणार, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) चिंचणीहून वाणगाव स्टेशन गाठलं, रूळ ओलांडून पूर्वेला गेलं की जमीन चढू लागते, ताडांची जागा साग घेतो आणि वारल्यांचे पाडे सुरू होतात. तिथे गोष्टीचं चित्र रचण्याची एक निराळी रीत आहे. तिच्यात क्षितिजरेषा नाही, उजेडाची दिशा नाही, पुढचं मोठं आणि मागचं लहान हा हिशेबही नाही. तरी दोनशे माणसं एका भिंतीवर असतात आणि एकही दुसऱ्याच्या पायात येत नाही.

ती रीत समजून घ्यायची तर सामानापासून सुरुवात करावी लागते. कारवीच्या काठ्यांचा कुड, त्याला शेणमातीचं सारवण, वर गेरूचा हात. रंग म्हणजे तांदळाचं पीठ, पाणी आणि डिंक. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोकाला चावून मऊ केलेली. इतकंच. या सामानाची एक खोड आहे, जी चित्राच्या आखणीवर हुकूम चालवते. ओली असताना पिठाची रेष फिकट, जवळजवळ पाण्यासारखी असते. सुकते तशी ती पांढरी उठते. म्हणजे काढणाऱ्याला आत्ता काढलेली रेष नीट दिसत नाही, मघाची दिसते. शिवाय खोडरबराची सोय नाही. तेव्हा कच्चा आराखडा वगैरे जे काही करायचं ते भिंतीला हात लावण्याआधी डोक्यात करून ठेवावं लागतं.

आता माणूस पाहा. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वरचा उलटा, खालचा सुलटा. डोक्याला वर्तुळ, बाई असेल तर मागे अंबाडा. हातपाय म्हणजे रेषा. नाक-डोळे नाहीत. वारली चित्रांचे बाजारी नमुने पाहून आपल्याला ही आकृती फार सोपी वाटते. पण सगळी गंमत त्या दोन त्रिकोणांच्या सांध्यात, कमरेत आहे. वरचा त्रिकोण किंचित पुढे कलला की माणूस वाकून लावणी करतो, मागे कलला की ओझं ओढतो, तिरका झाला की पळतो. चेन्नईच्या तारा बुक्सनं ‘डू!’ नावाचं एक पुस्तक केलं. रमेश हेंगाडी आणि शांताराम धडपे यांची चित्रं आणि विषय फक्त क्रियापदं. खरं तर वारली माणूस हे चालतंबोलतं क्रियापदच आहे. त्याला चेहरा नसल्यामुळे त्याची ओळख दोनच गोष्टींवरून पटते, तो काय करतोय आणि कुठे उभा आहे. हातात तारपा हे फुंकवाद्य म्हणून तारपेवाला, ताडावर चढलेला म्हणून ताडी काढणारा. धुरंधरांच्या चित्रातला नायक तोंडावरच्या उजेडातून उठतो. इथे त्याला उठाव जागा देते.

या जागेचा मूळ धडा लग्नाच्या चौकात आहे. चौक सवाशिणींनी लिहायचा, धवलेरीनं गाणी म्हणायची आणि भगतानं देवांना बोलवायचं, अशी कामांची वाटणी. चौक झाल्याखेरीज लग्न लागत नाही, म्हणजे हे चित्र सजावटीसाठी नाही, विधीचाच भाग आहे. घरातल्या भिंतीवर मोठा चौकोन, त्याला नक्षीचे पट्ट्यामागून पट्टे, आणि मध्ये पालघाट, सुफळतेची देवी. शेजारी लहान चौकात घोड्यावरचा देव पंचशिऱ्या. आत फणी, शिडी, बाशिंग, चंद्र, सूर्य. चौकाच्या बाहेर मात्र गाव मोकळं सुटतं. झाडं, ताडी काढणारे, घोड्यावरची नवरानवरी, नाचणारी मंडळी, कधी वाघ. देवी स्थिर, बाकी सगळं हलतं. आतल्या चौकात कोण असणार हे परंपरेनं ठरवलेलं. बाहेर किती माणसं, कुठे, काय करताना, हे लिहिणाऱ्या बाईच्या हातात. वारली कथाचित्राची बीजं मला त्या बाहेरच्या पट्टीत दिसतात. यशोधरा दालमिया यांनी १९८८च्या आपल्या पुस्तकात हे जग तपशिलानं नोंदवलं. त्या बाहेरच्या पट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या रचना शिकलेल्या बायकांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. पुढे कागद आला, प्रदर्शनं आली, तेव्हा नावं झाली ती बहुतेक पुरुषांची.

कागद आणण्यात भास्कर कुळकर्णींचा मोठा वाटा. स्वतः चित्रकार. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात हस्तकलांच्या क्षेत्रातल्या पुपुल जयकरांनी त्यांना मिथिलेत पाठवलं होतं, भिंतीवर लिहिणाऱ्या बायकांना कागद द्यायला. सत्तरच्या दशकात ते डहाणूच्या पाड्यांवर आले आणि त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले.

म्हसे यांचा जन्म तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा, साल १९३४. आई लहानपणीच गेली. त्यानंतर हा मुलगा बोलेनासा झाला आणि मातीत चित्रं काढून सांगू लागला, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. पुढे ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या कलंबीपाड्यावर आले. म्हसे लग्नाची वाट न पाहता रोज चित्र काढत, हीच मोठी नवलाची गोष्ट होती. बायकांचं विधीचं काम एका पुरुषानं विधीबाहेर, रोजच्या कामासारखं करायला घेतलं. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिशियन्स द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात समावेश, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले.

मानमरातबाची यादी इथेच थांबवतो, कारण खरा प्रश्न रचनेचा आहे. लग्नाच्या चौकातून देवी काढून घेतली तर मध्ये काय राहतं? कागदाला तर मध्यच नसतो, चार कडा असतात.

म्हसे यांचं उत्तर त्यांच्या जाळ्याच्या चित्रांत सापडतं. हा विषय त्यांनी पुन्हा पुन्हा काढला. शेणानं सारवलेल्या कापडावर पांढऱ्या बारीक रेषांचं प्रचंड जाळं पसरलेलं असतं, कधी कधी जवळजवळ सगळं कापड व्यापून. फुगलेलं, एका बाजूला ताणलेलं, जिवंत. आणि त्याच्या कडेला कुठेतरी ते टाकणारा माणूस, नखाएवढा. परीक्षेत कुणी असं काढलं असतं तर सरांनी लाल पेन्सिलीनं विचारलं असतं, मुख्य आकृती कुठे आहे? पण मुख्य आकृती जाळंच आहे. एकेक घर विणलं जातं तसं चित्र पुढे सरकतं, घरांचा आकार बदलला की पाण्याचा ओढा कळतो, आणि पाणी काढावंच लागत नाही. माणूस नंतर येतो. जाळ्यानं त्याला जागा राखून ठेवलेली असते.

त्यांच्या इतर चित्रांतही मध्यावर असंच काही मोठं, स्थिर किंवा गोल असतं. झाड. वारूळ. खळं, मधली मेढ आणि तिच्याभोवती फिरणारे बैल. तारप्याचा फेर. पालघाटाची जागा रिकामी झाली आणि तिथे शेतातली, रानातली एकेक वस्तू येऊन बसली, असं मला वाटतं. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला २००३ मध्ये इंग्लिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत म्हसे यांचं प्रदर्शन झालं. लाँग जमिनीवर चालून, दगड मांडून वर्तुळं आणि रेघा करणारे. एकानं माणूस पूर्णपणे काढून टाकलेला, दुसऱ्यानं शेकडो माणसं घातलेली, तरी दोघांचं काम एका दालनात भांडत नाही, ते या मधल्या जागेमुळे.

तारप्याच्या नाचाची तर आता छापील पिशव्यांवर इतकी रेलचेल आहे की तो नीट पाहायचा राहूनच जातो. मध्ये तारपा फुंकणारा, हातात घोळकाठी घेतलेला म्होरक्या, आणि त्याच्यामागे एकमेकांच्या कमरेत हात घातलेली साखळी. फेरात तारप्याकडे पाठ करायची नाही. चित्रात फेर गोगलगाईच्या शंखासारखा वळत जातो. तो फेर वरून पाहिलेला आहे, झाडावर चढून पाहावा तसा. आणि फेरातला प्रत्येक माणूस मात्र बाजूनं पाहिलेला आहे. खालच्या अंगाची माणसं काही चित्रांत चक्क उलटी होतात. शेत वरून, त्यात राबणारी बाई बाजूनं. घराचा कुड गायब, आत चूल, चुलीपाशी माणसं. एकाच चित्रात तीन-तीन ठिकाणी उभं राहून पाहिलेलं असतं, आणि आपल्याला ते खटकत नाही, कारण प्रत्येक वस्तू जिथून सगळ्यात नीट कळते तिथून दाखवलेली असते. जे.जे.च्या पद्धतीत पाहणारा एका खुर्चीवर बसलेला. इथे तो पाड्यावरून हिंडतो.

हिंडायचं म्हटलं की गोष्टीतला काळ कुठे जातो हा प्रश्न येतोच. महाराष्ट्रात याची दोन जुनी उत्तरं आहेत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर चित्रकथींनी पोथी केली. एका प्रसंगाला एक चित्र, माणसं समोरासमोर, डोळे टपोरे. कथेकरी गात गात एक चित्र उचलतो, दुसरं पुढे धरतो. काळ त्याच्या आवाजात. (परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.) अजिंठ्याच्या चित्रकारांनी दुसरी वाट धरली. लेणं क्रमांक १७ मध्ये विश्वंतर जातक पाहताना तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा भेटतो, मध्ये चौकटी नाहीत. आधी काय, नंतर काय, या क्रमानं पाहत गेलं तर माणूस गोंधळतो. डीटर श्लिंगलॉफ या जर्मन अभ्यासकानं दाखवलं की अजिंठ्यातली दृश्यं पुष्कळदा काळाच्या क्रमानं लावलेली नाहीत, ठिकाणांप्रमाणे लावलेली आहेत. राजवाड्यात घडलेलं सगळं राजवाड्यापाशी, रानात घडलेलं रानात. नकाशा आधी, गोष्ट त्यावर.

वारली रीत या दुसऱ्या घरातली. फरक इतकाच की अजिंठ्याच्या राजपुत्राला मुकुट आहे, वारली माणसाला चेहराही नाही, त्यामुळे तोच माणूस चार ठिकाणी काढला तरी अडत नाही. ओळखायला नदी आहे, वावर आहे, देवाची जागा आहे. कणसरी, गावतरी, धरतरी या देवींच्या कथा असोत की कालच्या पावसाची, गोष्ट जिथे घडली ती जागा काढली की अर्धं चित्र झालं.

हे सगळ्यात लखलखीत दिसतं ते गंजाडच्याच राजेश चैत्या वांगड यांच्या कामात. छायाचित्रकार गौरी गिल २०१३ मध्ये गंजाडला आल्या होत्या, प्राथमिक शाळेच्या भिंतींच्या कामानिमित्त. त्यांनी आसपासच्या मुलखाचे कृष्णधवल फोटो काढले: डोंगर, माळ, कुंपण, रस्ता. वांगडांना त्यात फार काही राहून गेलंय असं वाटलं. फोटोत माळ होता, माळावर घडलेलं काहीच नव्हतं. मग त्यांनी फोटोंवरच शाईनं काढायला सुरुवात केली. देव कुठून आले, दुष्काळात काय झालं, रान कसं गेलं, कारखाने कसे आले. एका फोटोत आकाशभर माणसं, दुसऱ्यात टेकडीच्या उताराला चिकटून एक अख्खी कथा. ‘फील्ड्स ऑफ साइट’ ही मालिका २०१७ च्या डॉक्युमेंटा या जागतिक प्रदर्शनात गेली. मला या चित्रांचा सांगाडा फार आवडतो. रचनेचं निम्मं काम कॅमेऱ्यानं केलेलं. जागा पक्की, तिला हलवता येत नाही. वांगडांना प्रश्न इतकाच की कुठलं झाड मोकळं ठेवायचं आणि कुठल्या झाडाखाली गोष्ट बसवायची. आणि फोटोतली क्षितिजरेषा? ती तिथे आहेच, पण त्यांची माणसं तिला जुमानत नाहीत. जवळ-लांब न पाहता ती सगळीकडे सारख्याच उंचीची असतात.

बाजारानं या सगळ्याचं काय केलं? २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं; डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघानं त्यासाठी खटपट केली. त्यानं नकली मालावर किती चाप बसतो हा वकिलांचा विषय. चित्राच्या अंगानं पाहिलं तर बाजाराची मागणी एकच, सुट्टा तुकडा. पेल्याखाली ठेवायच्या चकतीवर तारप्याचा फेर, साडीच्या काठाला ओळीनं नाचणाऱ्या बायका, हॉटेलच्या भिंतीवर एक बैलगाडी. फेर जागेपासून तोडला की त्याची वेलबुट्टी होते. पाहुण्याला ‘छान, एथनिक’ वाटतं, आणि गोष्ट कुठे गेली हे विचारावंसंही वाटत नाही. मात्र ज्यांना मोठं कापड आणि वेळ मिळतो, ते अजून अख्ख्या गोष्टी काढतात. गंजाडचेच तुषार आणि मयूर वायेडा हे भाऊ कापडावर इतकं बारीक काम करतात की लांबून राखाडी ढग दिसावा आणि जवळ गेल्यावर त्यात गाव निघावं.

नव्या गोष्टींना अडचण वेगळीच येते. आगगाडी, महामार्ग, विजेच्या तारा चित्रांत केव्हाच आल्या. पश्चिम रेल्वे या मुलखाच्या मधून जाते, महामार्ग चारोटी-तलासरीवरून अहमदाबादकडे धावतो. पण सरळ रेघ एका कडेनं आत येते आणि दुसऱ्या कडेनं निघून जाते. तिच्याभोवती जमायचं कसं? मेढीभोवती बैल फिरतात, रुळाभोवती कुणी फेर धरत नाही. चित्रकार डब्याची भिंत काढून टाकतात, घराचा कुड काढतात तशी, आणि आत बसलेली माणसं दाखवतात. गाडीच मग लांबट घर होते. काही वेळा ही युक्ती चालते, काही वेळा चित्र मधोमध दुभंगतं. एका हातानं रेल्वेरेघ आणि दुसऱ्या हातानं झाड धरायचा प्रयत्न दिसतो आणि दोन्ही सुटतात.

पुढचा विषय चिंचणीच्या दारात आला आहे. वाढवण बंदराला केंद्रानं जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, ऑगस्ट अखेरीस पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार कोटींच्या वर. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. त्यातली एक तांत्रिक बाब चित्रकारानं वाचावी अशी आहे. या बंदरासाठी १,४४८ हेक्टर जमीन समुद्रात भराव टाकून तयार करायची आहे. तिथे आज पाणी आहे, होड्या जातात, जाळी पडतात. उद्या तिथे जमीन असेल, पण तिच्यावर ना पाडा, ना देव, ना कुणाच्या आजीनं सांगितलेली गोष्ट. वाढवणचं चित्र काढायला बसणाऱ्याला आधी ठरवावं लागेल की मध्ये काय काढायचं, भराव की जाळं.